अण्णांच्या पायांवरचे डाग

४ नोव्हेंबर
हॉस्पिटलचं बॉयलर घर, सकाळची पाळी

ताई,

साष्टांग नमस्कार घालण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा तो घातला असं समज आणि पुढे वाच. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता इथल्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. फोन तर तुला लागतच नाही. माझा नंबर तू बंद करून टाकलायस हे कळायला मला वेळ लागला. आधी वाटलं, तुमच्याकडेच काहीतरी बिघाड असेल.

मी अण्णांना मारत नाही.

हे वाक्य लिहून मी उठलो, बॉयलरची पाण्याची काच बघून आलो, परत बसलो आणि वाचलं, तर ते खोटं बोलणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखंच वाटतंय. दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघितलं, तेही तसंच वाटलं. शेवटी पहिलंच ठेवलंय.

तू आलीस, अण्णांना मोजे घालायला खाली बसलीस, पँट वर सरकवलीस आणि थांबलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. दोन्ही पोटऱ्यांवर काळेनिळे डाग, आणि गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा एक. मला ते नवीन नव्हते. मला वाटायचं, म्हातारपणी कातडी पातळ होते, कुठे पलंगाची कड लागत असेल, कुठे खुर्ची. तू म्हणालीस, हे वळ आहेत. मग अण्णांना विचारलंस, "अण्णा, हे कोणी केलं?" आणि ते खिडकीकडे तोंड करून गप्प बसले. एक 'कोणी नाही' म्हणायला काय जात होतं त्यांचं? तू फोटो काढलेस, पिशवी उचललीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस.

तुला वाटतंय मी वचपा काढतोय. तसं वाटायला जागा आहे, हे मला मान्य आहे. अण्णा दुसरी पाळी करून घरी यायचे, कारखान्यात काही बिनसलेलं असलं की मला झोपेतून उठवून बडवायचे, आणि तू शेजारच्या अंथरुणात पांघरुणात डोकं घालून ते ऐकायचीस. तुझ्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. तुला ते सगळं माझ्यापेक्षा जास्त आठवतं असं मला कधीकधी वाटतं. मला वेळ नाही ग आठवायला. सकाळी उठल्यापासून माझे हात चालू असतात.

काय चालू असतं ते ऐक. अण्णांच्या किडन्या जेमतेम चालतात हे तुला ठाऊक आहे. रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडू शकतं, असं किडनीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, आणि त्यांच्या आहारवाल्या बाईंनी तक्ता दिला. फळं बंद. टोमॅटो बंद, लिंबू बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात परत उकळायची. तक्ता मी ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलाय. पाळीवर यायच्या आधी मी हे सगळं करतो आणि गरम राहणाऱ्या डब्यात भरून ठेवतो, म्हणजे दुपारी आणि संध्याकाळीही त्यांच्या तोंडी ऊन घास पडावा. मारणारा माणूस पहाटे उठून बटाटा दोनदा उकळत बसत नाही, ताई.

काच बघायला हवी. दर थोड्या वेळाने बघावीच लागते, नाहीतर पाणी कमी झाल्याचं कळत नाही आणि मग सगळंच उडतं.

तुझा धाकटा


९ नोव्हेंबर
बॉयलर घर

ताई,

पत्राला उत्तर नाही, पण दाजींचा फोन आला. बिचारे सारखा घसा साफ करत होते, त्यावरून तू शेजारीच उभी होतीस हे मला कळलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार, तुमच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीये, आणि मी आडवा आलो तर ते फोटो घेऊन तू पोलिसांत जाणार. दाजींनी हे सगळं 'अहो-जाहो' करत सांगितलं, त्यामुळे जास्तच लागलं.

तिथे त्यांना खायला कोण घालणार? सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक, वर टोमॅटोचं सूप आणि जेवणानंतर केळं. तू त्यांना माझ्या हातून सोडवशील आणि केळ्याने मारशील.

मी हे असं लिहायला नको, कळतंय मला. पण परवापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. समोरच्या दारातल्या शिवणकामवाल्या बाईंना तू जाता जाता काहीतरी विचारून गेलीस ना? त्या आता दार उघडं टाकून मशीन चालवतात. मशीन थांबलं की मी समजतो, कान आमच्याकडे लागलेत. मग मी मोठ्याने म्हणतो, "हळू हं अण्णा, सावकाश उठा." आयुष्यात मी त्यांच्याशी या आवाजात बोललेलो नाही. अण्णा माझ्याकडे असे बघतात, जणू मला वेड लागलंय.

आणखी एक सांगतो. त्यांना धरायलाच मला भीती वाटायला लागलीये. दंडाला धरून संडासात नेताना मनात येतं, बोटांचे ठसे उमटले तर? परवा मी हात मागे घेतला आणि ते उंबऱ्यात अडखळले. पडले नाहीत. मीच धरलं, घट्ट धरलं, आणि मग दिवसभर ती जागा निळी पडते का ते बघत राहिलो. पडली.

तसे ते बरे आहेत. म्हणजे दिवसभर बसून असतात, पाय दुखतात म्हणतात, उठायचा कंटाळा करतात. हिरड्यांतून थोडं रक्त येतं म्हणून ब्रेड चहात बुडवून लागतो. चिडचिड आहे, पण ती काय आजची आहे? रात्री झोपेची गोळी घेतली की सकाळपर्यंत हलत नाहीत. थंडी पडलीये म्हणून हल्ली पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

मी त्यांना विचारलं. सरळ समोर बसून विचारलं, ताईने विचारलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? म्हणाले, चहा गार होतोय.

हा माणूस मला तोंडाने काही सांगायला कधी शिकलाच नाही. या वयात कुठून शिकणार?

धाकटा


१५ नोव्हेंबर
घरी, स्वयंपाकघरात

ताई,

मागच्या पत्रात थंडीचं लिहिलं ते खोटं होतं. बाह्या मी घालायला लावल्या होत्या.

त्यांच्या डाव्या हाताच्या कोपराखालचा व्रण तुला माहीतच आहे. अण्णांनी शेवटचा हात उगारला तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. मी त्यांना ढकललं, ते लोखंडी खाटेच्या कडेवर पडले, हात फाटला, तू तुझी ओढणी बांधलीस आणि आपण तिघं रिक्षात बसून टाके घालायला गेलो. त्यानंतर त्यांनी माझ्यावर हात टाकला नाही आणि मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

तो व्रण उघडला, ताई. तू येऊन गेल्यावर काही दिवसांनी. कुठे लागलं नाही, खाजवलं नाही. सकाळी बाही ओली दिसली, दुमडली तर टाक्यांच्या रेषेवर कातडी सुटलेली. वीस वर्षांपूर्वी बंद झालेली जखम. आणि जागा तीच, जी माझ्याच हातून झाली होती. मी काय केलं? पट्टी बांधली, वरून बाही ओढली आणि कोणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेलं असतं तर त्याने विचारलं असतं कसं झालं, आणि मी 'आपोआप' म्हटलं असतं. यावर कोणी विश्वास ठेवला असता? मी स्वतः ठेवला नव्हता. मी रात्री उठून स्वतःला विचारलं, की बाबा रे, तू झोपेत तर काही करत नाहीस ना?

काल चहात बुडवलेल्या ब्रेडमध्ये त्यांचा दात आला. अख्खा, मुळासकट. कप लाल झाला. मग मात्र मी रजा टाकली आणि त्यांना आमच्याच हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात घेऊन गेलो. बाकीचं लपवून फक्त तोंड दाखवायचं, असा माझा बेत होता.

दातांची डॉक्टरीण माझ्याहून बरीच लहान. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, बोट लावलं की रक्त. तिने सगळं तोंड तपासलं आणि मग मला विचारलं, आजोबा जेवतात काय. मला बरं वाटलं, ताई. इतक्या दिवसांत कोणीतरी मला येणाऱ्या गोष्टीबद्दल विचारलं होतं. मी सगळं म्हणून दाखवलं. भात, उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, ब्रेड, चहा. भाजी आधी दोनदा उकळायचो, रिपोर्ट चांगले यायला लागले तसं मी स्वतःहून तीनदा केलं.

"आणि पाणी?"

"सगळं ओतून देतो. एक थेंब ठेवत नाही."

"फळ? लिंबू? काही कच्चं?"

"काही नाही," मी म्हटलं. चक्क अभिमानाने म्हटलं.

तिने लिहायचं थांबवलं. केव्हापासून, असं विचारलं. मी म्हटलं, मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. ती खुर्चीवरून उठून खाली बसली आणि दातांच्या डॉक्टरने करू नये ते केलं, अण्णांची पँट वर सरकवली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी मारलेलं नाही." तिने वर बघितलं आणि म्हणाली, मारलं असं कोण म्हणतंय? मग भिंगातून मला दाखवलं. पोटरीवरच्या एकेका केसाच्या मुळाशी लाल ठिपका, आणि केस सरळ नव्हते, स्प्रिंगसारखे पिळून वळलेले. ते मी कधी बघितलेच नव्हते. मी फक्त डाग बघत होतो.

मग तिने विचारलं, कुठे जुनी जखम वगैरे? मी बाही वर केली.

ती म्हणाली, यांच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व उरलेलंच नाही. कुत्रं, मांजर, शेळी ते स्वतःच्या अंगात तयार करतात, माणसाला ते जमत नाही, त्याला रोज बाहेरून थोडंथोडं लागतं. कातडी, हिरड्या, रक्ताच्या बारीक नळ्या हे ज्या धाग्याने धरून ठेवलेलं असतं, तो धागा त्याच्याशिवाय शरीराला नीट बनवताच येत नाही. ते नसलं की नळ्या फुटतात, आतल्या आत रक्त सांडतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणसाला मारलंय. मी विचारलं, पण व्रण वीस वर्षांचा आहे, तो कसा सुटेल? ती म्हणाली, "काका, जखम भरली म्हणजे काम संपलं असं नसतं. शरीर तिथे रोज डागडुजी करत असतं. आपल्याला फक्त ते दिसत नाही."

रक्त तपासायला दिलंय. अण्णांना व्हरांड्यात बाकावर बसवून मी कपडे धुवायच्या खोलीत गेलो, मळक्या चादरींच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि हसायला लागलो. धोबी म्हणाला, काय रे, लॉटरी लागली काय. म्हटलं, लागली.

हे सगळं मी आजच्या आज टपालात टाकतोय. तू वाच. उत्तर नको देऊस, पण वाच.

धाकटा


१८ नोव्हेंबर
बॉयलर घर

ताई,

रिपोर्ट आला. 'क' जीवनसत्त्व मोजण्याइतकंही नाही. डॉक्टरीणबाईंचा नंबर खाली लिहिलाय. मी तिला सांगितलंय, माझी बहीण फोन करेल, तिला काय विचारायचं ते विचारू दे, माझी बाजू घेऊ नका.

त्या दिवशी मी चादरींजवळ हसत होतो ना, ते हसू रिपोर्टबरोबर संपलं. कारण मी अण्णांना मारलेलं नाही, पण डाग मीच केलेत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि मला त्यांचं काय करायचं ते कळत नाहीये.

किडनीच्या डॉक्टरांनी तर कपाळावर हात मारला. आहारवाल्या बाईंनी तक्ता दिला तेव्हा म्हटलं होतं की पुढचा रिपोर्ट येईपर्यंत असं करा आणि मग मला भेटा. मी भेटायला गेलो होतो. खुर्ची रिकामी होती, बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. रिपोर्ट छान आला होता. मी घरी आलो आणि तक्ता तसाच चालू ठेवला.

डॉक्टर म्हणाले, अहो, पण एकदा तरी विचारायचं. तुला सांगू का, मला ते सुचलंच नाही. आमच्या बॉयलर घरात भिंतीवर सूचना लावलेली असली की ज्याने ती लावली त्यानेच येऊन काढेपर्यंत ती चालू असते. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. स्वतःच्या अकलेने व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. माझ्या आधीच्या माणसाने फिरवला आणि त्याचा चेहरा भाजला. मी इतकी वर्षं इथे टिकलोय तो या एका गोष्टीवर. मी वाट बघत होतो, ताई, कोणीतरी येऊन तो कागद भिंतीवरून काढेल म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात कोण येणार होतं?

आणि त्यात मी स्वतःची भर घातली, ते वेगळंच. दर वेळी पोटॅशियमचा आकडा उतरला की डॉक्टर 'वा' म्हणायचे. मला आयुष्यात फारसं कोणी 'वा' म्हटलेलं नाही. मी आणखी एकदा उकळायचो. 'क' जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, उष्णतेने मरतं, आणि जे उरेल ते गरम डब्यात दिवसभर राहून संपतं. मी त्याला कुठेच जागा ठेवली नव्हती. रस्त्यावरून भाजी आणणारा कुठलाही आळशी माणूस माझ्यापेक्षा बरा, तो निदान धुऊन तशीच शिजवतो.

आता बेतशीर गोळ्या दिल्यात. जेवणात थोडा कच्चा कोबी बारीक चिरून, ढोबळी मिरचीच्या फोडी, संत्र्याच्या थोड्या पाकळ्या. पोटॅशियम मधूनमधून तपासायचं. तक्ता मी काढला. भिंतीवर चौकोन उरलाय, तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ आहे. माझी नजर सारखी तिकडे जाते आणि काय करायचं ते कळेनासं होतं. आज ओट्यापुढे संत्रं हातात घेऊन मी नुसता उभा होतो. पाकळ्या काढल्या, परत ठेवल्या, परत काढल्या. शेवटी अण्णा आतून ओरडले, "अरे, आणतोयस की पिकवतोयस?"

खूप दिवसांनी त्यांनी मला काहीतरी विनोदी म्हटलं.

धाकटा


२३ नोव्हेंबर
बॉयलर घर

ताई,

पार्सल मिळालं. पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या गोळ्या, एवढाल्या, चार डबे. आत चिठ्ठी तुझ्या अक्षरात: 'डॉक्टरीणबाईंशी बोलले. रविवारी येतेच आहे. मग ठरवू.' ही चिठ्ठी मी इतक्यांदा वाचलीये की घडी फाटायला आली. 'ठरवू' म्हणजे काय ठरवू? तू नेणार की नाही नेणार? माझ्यावर विश्वास बसला असेल तर तसं लिहायला शाई जास्त लागली असती का?

गोळ्या मी दिल्या नाहीत. रागावू नकोस, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चांगल्या किडनीच्या माणसाला जास्त झालेलं बाहेर टाकता येतं, यांना येत नाही. तुझी ती मोठी गोळी रोज दिली तर त्यातून ऑक्झलेट नावाचा क्षार तयार होऊन त्यांच्या किडनीतच साचेल, आणि जी काही उरलीये तीही जाईल. थोडंच लागतं, पण रोज लागतं, असं म्हणाले. बघ, एकाने भाजीतून सगळं उकळून काढलं आणि दुसरी डबाभर ओतायला निघाली. आपण अण्णांचीच मुलं शोभतो. ते तरी मधलं काय करायचे? एक तर तुला खांद्यावर बसवायचे, नाहीतर मला बडवायचे.

अण्णांच्या हिरड्यांतलं रक्त थांबलंय. मला वाटलं होतं महिने लागतील, पण हे इतकं लवकर होतं की माझाच विश्वास बसत नाही. व्रणाच्या कडा कोरड्या व्हायला लागल्यात. ते स्वतः उठून खिडकीपर्यंत जातात आणि रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवतात. डाग निळ्याचे हिरवे झालेत, काही ठिकाणी पिवळे. शिवणकामवाल्या बाईंना मी ते सगळं समजावून सांगायला गेलो, रिपोर्टही नेला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, असेल बाई, आणि मशीन चालू केलं. दार अजून उघडंच असतं.

मला आता त्या बाईंचं फारसं काही वाटत नाही. तुझं वाटतं. रविवारी तू दारातून आत येशील तेव्हा आधी कोणाकडे बघशील, त्यांच्या पायांकडे की माझ्याकडे, याचा मी सारखा विचार करतो. काच बघायला दोनदा उशीर झाला माझा. असं कधी झालं नव्हतं.

धाकटा


२७ नोव्हेंबर
घरी

ताई,

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून दाजींच्या ऑफिसकडे जाणाऱ्या आमच्या हॉस्पिटलच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तू निघायच्या आधी वाचायला हवंस.

काल संध्याकाळी मी अण्णांच्या पायांना तेल लावत होतो. हल्ली त्यांना धरायची भीती वाटत नाही. मी म्हटलं, बघा अण्णा, डाग चालले, औषध लागू पडलं. ते पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "औषधाने गेले होय. मला वाटलं, तू थांबलास."

मला आधी कळलंच नाही. विचारलं, काय थांबलो?

ते हाताने नुसती खूण करत होते, पायांकडे, मग माझ्याकडे. मग म्हणाले, गोळी घेतली की मला जाग येत नाही, आणि सकाळी पाय ठणकत असतात, डाग असतात. म्हटलं, रात्री येत असशील.

तेलाची बाटली माझ्या हातात तशीच होती. मी म्हटलं, ताईने विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? तिला सांगायचं होतंत, सुटला असतात माझ्यापासून.

"काय सांगू?" ते म्हणाले. "मीही तुला झोपेतूनच उठवायचो. म्हटलं, होऊ दे त्याचं."

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला. इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेलो. मी पहाटे उठून याचे बटाटे उकळतोय, संडासात नेतोय, आणि हा माणूस रोज सकाळी माझ्याकडे बघून मनात म्हणतोय की रात्री यानेच मला मारलं. आणि तरी माझ्या हातून चहा घेतोय, काही न बोलता. मग हळूहळू माझ्या डोक्यात ते दुसऱ्या बाजूने शिरलं. मी मारतोय असं समजून त्यांनी एकदाही दार लावून घेतलं नाही, ताई. तुला हाक मारली नाही. तू येऊन त्यांना सोडवायला बसलीस तेव्हाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आयुष्यभर मी त्यांच्या तोंडून 'चुकलं' या एका शब्दाची वाट बघितली. तो शब्द ते इतके महिने असा देत होते, आणि मी समजत होतो की त्यांना चहाची पडलीये.

मी परत आत गेलो आणि सगळं समजावलं. 'क' जीवनसत्त्व, तक्ता, उकळलेलं पाणी, हिरड्या, व्रण कसा सुटला ते. डॉक्टरीणबाई समजावते तसं, सावकाश. माझंच चुकलं हेही सांगितलं, पण मारलं नाही, अण्णा, एकदाही नाही. त्यांनी सगळं ऐकलं. मग माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "बरं. राहू दे आता."

त्यांना पटलेलं नाही. त्यांना वाटतंय, मी मारलं, मला पश्चात्ताप झाला, आणि आता मी औषधाची गोष्ट रचून सांगतोय. आणि त्यांनी मला माफ करून टाकलंय. न केलेल्या गोष्टीची ही माफी घेऊन मी काय करू, सांग. आज सकाळपासून ते माझ्याशी इतके गोड वागतायत की मला घरात थांबवत नाही.

तू रविवारी ये. गाडी घेऊन ये. त्यांना न्यायचं असेल तर ने, मी आडवा येणार नाही, काय आणि किती खायला द्यायचं ते सगळं लिहून देईन. पण आल्यावर आधी एक काम कर. त्यांच्याजवळ बस आणि सांग, की धाकटा तुम्हाला मारत नव्हता. माझं त्यांनी कधी ऐकलंय? तुझं ऐकतात. तू म्हणालीस तर पटेल त्यांना.

तुला अजून पुरतं पटलं नसलं, तरी सांग.

धाकटा